२१ थेंब मोजून लावलेलं सलाईन दोन तास आधी कसं संपलं?

गावभागची_पोरगी

नमस्कार. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, होऊन चार महिने झाले. मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलला आहे, राहायला सांगलीत गावभागात.

परवाच्या नाईटची गोष्ट. नऊ नंबरच्या आजोबांना ५०० मिली एनएस (साधं मिठाचं सलाईन) ८ तासांत द्यायची ऑर्डर होती. त्यांचं हृदयाचं पंपिंग कमी, म्हणून हळूहळू. मी शिकवलंय तसंच केलं. ५०० मिली गुणिले २० (सलाईनच्या नळीच्या सेटमधून १ मिलीला पडणारे थेंब), भागिले ४८० मिनिटं, उत्तर २०.८, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलं, तेही दोनदा. रात्री १० ला सुरू केलं आणि पहाटे ४ ला बघते तर बाटली रिकामी!

आजोबांना धाप वगैरे नव्हती, पण माझेच हातपाय गार पडले. आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, उठवलं. त्यांनी छाती तपासली, लघवी किती झाली ते बघितलं, म्हणाले ठीक आहे. शीटवर मी ४ हीच वेळ लिहिली. सकाळी इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "थेंब मोजायला येत नाहीत का गं?"

येतात हो. नातेवाईकांनी चाक फिरवलं म्हणावं तर सून बाहेर बाकावर झोपलेली. मग चुकलं कुठं? तेव्हापासून धसकाच बसलाय. काल इन्सुलिन भरताना दोनदा दुसऱ्या सिस्टरला दाखवलं, ती वैतागली. सक्शनला (श्वासनळीत घातलेल्या नळीतून कफ ओढून काढायला) तर मला कुणी हाकच मारू नये असं वाटतं.

विट्याचा_ब्रदर

हाताची पोझिशन बघितलीस का? कोपरात सुई असली की हात वाकवला की बंद, सरळ केला की धो धो. आमच्याकडे हे रोजचंच आहे.

रिटायर_सिस्टर_सातारा

हात हलला असता तर सलाईन कधीही संपलं असतं, साडेतीनला नाहीतर साताला. हिचं कसं संपलंय बघा. ८ तासांचं बरोबर ६ तासांत, म्हणजे पाऊणपट. आणि २० चे पाऊणपट १५.

पोरी, तुझं मोजणं चुकलेलं नाही. तुझा सेट २० थेंबांचा नव्हताच, माझ्या मते तो १५ चा होता. थेंब तू म्हणतेस तेवढेच पडले, पण एकेक थेंब मोठा पडला. आज ड्युटीवर गेलीस की सेटचं कव्हर उजेडात धरून वाच. आणि ४ ची वेळ ४ च लिहिलीस हे फार बरं केलंस. तसं लिहिलं नसतंस तर मला तरी हे कुठून कळलं असतं?

गावभागची_पोरगी

मॅडम!! बघितलं. कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात १ मिलीला १५ थेंब. स्टोअरच्या मामांना विचारलं तर म्हणाले, जुने संपत आले म्हणून गेल्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचे आले. दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये मिसळून ठेवलेत, आणि कव्हर दिसायला सारखंच निळं.

म्हणजे मला १६ थेंब लावायला हवे होते ना?

रिटायर_सिस्टर_सातारा

१५.६ येतात, म्हणजे १६ च. मायक्रो सेटला ६० थेंबांचा १ मिली, तिथं तर गणितच नको. तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. आणि बाटलीला उभी चिकटपट्टी लावून तिच्यावर १२ ला कुठं, २ ला कुठं अशा खुणा करत जा. मग थेंब खोटे पडले तरी पट्टी सांगते. परवा पट्टी असती तर १२ लाच तुला दिसलं असतं की सव्वाशेच्या जागी १६५ च्या वर गेलंय.

आता इन्सुलिन. ती वैतागली तर वैतागू दे. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं), केसीएल (पोटॅशियम क्लोराईड) दोघींनी बघूनच द्यायचं, त्यात लाज कसली? आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. त्याला लाल टोपणाची सिरिंज. पेनमधलं १०० चं, काही बाटल्याही १०० च्या येतात, त्यांना नारिंगी टोपण. मिरज पडलं दवाखान्यांचं गाव, वॉनलेस साहेबांनी १८९४ ला दवाखाना काढला तेव्हापासूनचं. तिथं पावलापावलावर मेडिकल, नातेवाईक बाटली एकीकडून आणतात आणि सिरिंज दुसरीकडून. ४० चं इन्सुलिन नारिंगीत २० च्या रेघेपर्यंत ओढलंस तर आत जातं ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. उलट १०० चं लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेला ओढलंस तर अर्धा मिली, ५० युनिट! पहिल्यात साखर चढेल, ती उतरवता येते. दुसऱ्यात पेशंट पहाटे घामाघूम होऊन पडलेला सापडेल, आणि सगळ्यांना वाटेल झोपलाय.

सक्शनचं संध्याकाळी लिहिते. नातवाला आणायला जायचंय.

विट्याचा_ब्रदर

सक्शनला आमच्याकडे दर वेळी नळीत ५ मिली एनएस टाकतात, कफ सुटा होतो म्हणून. तुमच्याकडे?

रिटायर_सिस्टर_सातारा

आम्हीही वर्षानुवर्षं टाकलं, भाऊ. आता दर वेळी टाकू नये म्हणतात ते पटतं. पाण्यानं कफ काही पातळ होत नाही. उलट सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) उतरतं आणि नळीतली घाण खाली ढकलली जाते. कफ घट्ट येत असेल तर आधी ह्युमिडिफायरमध्ये पाणी आहे का बघा.

आता पोरीसाठी. दोन तास झाले म्हणून सक्शन करायचं नाही. छातीत घरघर, नळीत दिसणारा कफ, व्हेंटिलेटरचं प्रेशर वर जाणं, सॅच्युरेशन उतरणं, यातलं काही असेल तरच. आधी १०० टक्के ऑक्सिजन, निदान अर्धा मिनिट. कॅथेटर (कफ ओढायची बारीक नळी) पेशंटच्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. नळीच्या नंबरातून दोन वजा करून दुप्पट कर. ७.५ ला ११ येतात, तर १० नंबरचा घे. प्रेशर १०० ते १२० मिमी पारा, दीडशेच्या वर कधीच नाही. भिंतीवरचा मीटर किलोपास्कलचा असेल तर १६ म्हणजेच १२०.

आत जाताना सक्शन बंद. अंगठ्याचं भोक असलेला कॅथेटर असेल तर भोक उघडं ठेव. साधा असेल तर डाव्या हातानं मशीनची नळी मुडपून धर. बाहेर येताना सोड आणि कॅथेटर बोटांत फिरवत काढ. आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत १० सेकंद, फार तर १५. मी घड्याळ बघत नसे, माझाच श्वास रोखून धरायचे. मला हवा लागली की पेशंटलाही लागली. एक डोळा मॉनिटरवर ठेव. पल्स झपकन उतरली तर कफ राहू दे, बाहेर ये, ऑक्सिजन दे. आधी श्वासनळी, मग तोंड. तोंडातला कॅथेटर परत नळीत घातलास तर मी साताऱ्याहून येऊन हातावर फटका मारीन.

विट्याचा_ब्रदर

हा हा. मॅडम, एक माझंही. डोपामिनच्या (बीपी वाढवायचं औषध) हिशोबाला मी अजून कागद घेऊन बसतो.

रिटायर_सिस्टर_सातारा

कागद घेऊनच बसा. आधी अँप्युल वाचा. २०० मिग्रॅचं ५ मिलीचं येतं. ते ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० पर्यंत भरलं की १ मिलीत ४ मिग्रॅ, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलोचा, ऑर्डर ५ मायक्रोग्रॅम दर किलो दर मिनिट. मिनिटाला ३००, तासाला १८०००, भागिले ४०००. पंपाला तासाला ४.५ मिली.

गावभागची_पोरगी

मॅडम, मी ५५ किलोचं करून बघितलं. मिनिटाला २७५, तासाला १६५००, उत्तर ४.१२५. पंपावर ४.१ लावायचं ना?

आणि ड्रॉवरमध्ये दोन खोकी केलीत, स्केचपेननं २० आणि १५ लिहून. इनचार्ज सिस्टरांनी बघितलं, काही बोलल्या नाहीत.

रिटायर_सिस्टर_सातारा

हो, ४.१. पण ५५ किलो कुणी सांगितलं, नातेवाइकांनी की काट्यानं?