शकुंतलेच्या टेसनावरच्या आठवणी लिहा रे

बाभूळबन
काल भाच्यानं शकुंतलेच्या, म्हणजे आपल्या यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर छोट्या रेल्वेच्या, दारव्हा मोतीबाग टेसनाचा फोटो पाठवला. फलाटावर बाभळी, रूळ गवतात गडप, तिकिटाच्या खिडकीखाली शेळी बसलेली. रात्री झोपच नाही लागली. आम्ही उन्हाळ्यात यवतमाळहून कारंज्याला मामाकडे जायचो, तेव्हा वाफेचं इंजिन होतं. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. एकदा तेवढ्यात आईनं शेजारच्या मळ्यातून कांद्याची पात मागून आणली होती! तुमच्याही आठवणी लिहा.

मुर्तिजापूरकर
ते इंजिन १९२१ चं, मँचेस्टरचं. १९९४ ला डिझेल आलं. आमचे बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. रेल्वेत नव्हते हो, किराणा दुकान होतं आमचं.

ठेचा_भाकर
चालत्या गाडीतून उतरा, बोरं तोडा, पुन्हा चढा 😂

लाईटवाला
@ठेचा_भाकर हा जोक आमच्या बार्शी लाईटचा, म्हणजे बार्शीच्या छोट्या रेल्वेचा आहे, परत करा.

ठेचा_भाकर
घ्या, पण बोरं आमचीच राहतील.

पानमळा
अंजनगावचा आहे मी. आमच्याकडची विड्याची पानं शकुंतलेनं जायची, ओल्या फडक्यात गुंडाळून. आजी म्हणायची गाडी उशिरा आली तर पान रुसते. बाकी नंतर, दूध उतू चाललं.

कपाशी७२
लोकांना वाटते ही गाडी आपल्यासाठी काढली. अरे बाप्पा, ती कापसासाठी होती! वऱ्हाडचा कापूस मुर्तिजापूरला मोठ्या लाईनवर, तिथून मुंबई, पुढे मँचेस्टर. यवतमाळ ते मुर्तिजापूर ११३ किमी आणि पलीकडे अचलपूरपर्यंत ७६. रूळ सरकारचे नव्हते, खाजगी ब्रिटिश कंपनीचे. देश स्वतंत्र झाल्यावरही! गाडी मध्य रेल्वे चालवायची अन् पैसे कंपनीला. माझ्या मते त्यामुळंच रुळाकडे कोणी लक्ष दिलं नाही. आपल्या घराला आपण चुना मारतो, भाड्याच्या घराला कोण मारते?

बाभूळबन
@कपाशी७२ भाऊ, चुन्याचं बरोबर बोललात. पण टेसनातल्या बाकावर आमच्या तिघांची नावं कोरलेली होती, ते भाड्याचं नाही वाटलं कधी.

कपाशी७२
सरकारी बाकावर नावं कोरली? चालान फाडू का 😄

सौ_कारंजा
मी तर लग्न होऊन शकुंतलेनं आले. हळदीची साडी अन् कोळशाचे कण. सासूबाई म्हणाल्या, सून काळीसावळी आहे. तोंड धुतल्यावर गप्प बसल्या.

पानमळा
😂😂 ताई!! दूध उतू गेलंच.

मुर्तिजापूरकर
वर्धा ते कळंब मोठी लाईन २०२४ ला सुरू झाली, यवतमाळलाही येते म्हणतात. बाबा असते तर पहिल्या गाडीत बसले असते, डबा घेऊन.

लाईटवाला
कारंज्याला दत्ताच्या दर्शनाला यायचंय, अकोल्याहून एसटी सोयीची की मुर्तिजापूरहून?

सौ_कारंजा
मुर्तिजापूरहून या. सकाळी लवकर निघा, ऊन फार आहे. अन् जेवायला घरी या, पाटवडी करते.

ठेचा_भाकर
मी पण येतो, बोरं घेऊन.