अकरावीला गाणं हा विषय घ्यावा का?

मंजिरी: माझ्या भाचीने सीबीएसईत अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्रजी आणि पाचवा विषय हिंदुस्थानी गायन घेतलंय. घरी वादळ उठलंय. कॉम्प्युटर सायन्स सोडून गाणं कशाला, हा सगळ्यांचा प्रश्न. माझं मत असं की घ्यावंच, आणि शाळांनी ते मनापासून शिकवावं. या विषयात लेखी 30 गुणांचं, प्रात्यक्षिक 70 गुणांचं. राग भीमपलासच्या आरोहात, म्हणजे सूर चढताना, रिषभ-धैवत (रे आणि ध) वर्ज्य, हे पेपरात कुणीही लिहील. परीक्षकांसमोर कोमल गंधार मध्यमाला लगटून जागेवर लागतो का, तिथे पाठांतर कामाला येत नाही. स्वतःच्या कानावर आणि गळ्यावर मुलाला उभं करणारा दुसरा विषय दाखवा.

सांगलीकर: मंजिरीताई, मी गाण्यातली विशारद परीक्षा दिलेला माणूस आहे, आणि माझा ठाम विरोध आहे. एका तासिकेत पंचवीस मुलं एका पेटीभोवती बसवून ख्याल येत नाही. प्रत्येकाचा षड्ज (सा) वेगळा. मुलग्यांचा आवाज नुकता फुटलेला असतो, त्यांना मुलींच्या पट्टीत ओढलं की गळा ताणला जातो, तो पुढे बरीच वर्षं सुटत नाही. तालीम समोरासमोरच व्हायला हवी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षा आहेतच की. गुरुजींकडे शिका, तिथे परीक्षा द्या. बोर्डाच्या गुणांशी गाणं जोडलं की काय होतं ते दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी मिळणाऱ्या वाढीव गुणांमुळे आपण बघतोच: परीक्षेपर्यंत क्लासला गर्दी, निकालानंतर तबला माळ्यावर.

विज्ञानवाला पालक: मुद्दा वेळेचा आहे. जेईईच्या दोन वर्षांत रोज तासभर रियाज कुठून काढायचा? आणि आयआयटीला बारावीच्या 75 टक्क्यांची अट आहे, त्यात पाचवा विषयही धरतात. परीक्षेच्या दिवशी घसा बसला तर?

कौस्तुभ: सांगलीकर, गुरुजींकडे शिका म्हणणं शहरात सोपं आहे. आमच्या तालुक्यात भजनात टाळ धरून वाढलेली पोरं आहेत. लय इतकी पक्की की ठेका कुठूनही उचलतात. पण राग शिकवणारं जवळपास कुणी नाही, आणि क्लासची फी परवडणारी नाही. त्यांच्यासाठी शाळा हाच एक दरवाजा आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, अभ्यासक्रम, स्वरलिपी, परीक्षा हा सगळा खटाटोप गाणं घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर आणायलाच होता ना?

सांगलीकर: उदाहरण अर्धंच दिलंत. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास हे गवई पलुस्करांच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहून घडले. आठवड्याच्या चार तासिकांत नाही.

मंजिरी: पण सगळ्यांनी गवई कशाला व्हायला हवं? फिजिक्स घेणाऱ्या प्रत्येकाकडून आपण शास्त्रज्ञ होण्याची अपेक्षा करत नाही. परवा भाचीच्या वर्गात बसले होते. बाईंनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद करून खरा तानपुरा पुढे ठेवला. एक मुलगा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवत होता. जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, लागेना. अचानक तार खुलली, गुंजायला लागली, आणि कुणी न सांगता अख्ख्या वर्गाने माना वर केल्या. त्या क्षणी त्या सगळ्यांना सूर ऐकू आला! त्यातला एकही मंचावर बसला नाही तरी पुढची मैफल ते वेगळ्या कानाने ऐकतील. आपल्याकडे असे श्रोते किती उरलेत?

ठेकेदार: तबलावाला म्हणून माझी वेगळी तक्रार. तीनताल-झपताल हातावर दुगुण-चौगुणीत (दुप्पट-चौपट लयीत) म्हणायला लावता, उत्तम. पण ढोलकी, संबळ वाजवणाऱ्या पोराने या विषयात जायचं कुठे? प्रात्यक्षिक म्हणजे फक्त शास्त्रीय, हे मला पटत नाही. कौस्तुभ, तुमच्या टाळकऱ्यांनाही हाच प्रश्न येणार.

कौस्तुभ: येणार, मान्य. तरी विषयच नसण्यापेक्षा तो बरा.

सांगलीकर: बरा कसा? शिकवणार कोण ते सांगा. बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, जूनला नेमणूक झाली नाही तर ऑगस्ट उजाडतो, आणि साथीला तबलजी नाही म्हणून मुलं मोबाईलच्या ठेक्यावर गातात. पूर्णवेळ शिक्षक, तबल्याची साथ आणि मुलामुलींच्या पट्टीचे वेगळे गट, एवढं ज्या शाळेत असेल तिथे जरूर घ्या. नसेल तिथे पोरांच्या गळ्यांशी खेळू नका.