मल्टी-मॉड्यूल मेव्हन: प्लगइन मूळ पॉममध्येच चालू करावं का?

पॉमग्रस्त
माझं मत: मूळ पॉममध्ये (मेव्हन या जावा बिल्ड-साधनाची सगळ्यात वरची सेटिंग फाइल) प्लगइनची फक्त आवृत्ती आणि सेटिंग ठेवावं, तेही प्लगइन-मॅनेजमेंटमध्ये (तिथे नुसतं लिहून प्लगइन चालू होत नाही). चालू कुठे करायचं ते ज्या त्या मॉड्यूलने ठरवावं. 'सगळ्यांना लागेलच' म्हणून मुळाच्या बिल्ड-प्लगइन्समध्ये टाकलं की ते सरसकट सगळ्यांच्या गळ्यात पडतं.

ताजं उदाहरण देतो. कॉमन, ऑर्डर आणि अ‍ॅप अशी तीन मॉड्यूल्स; ऑर्डर कॉमनचे क्लास वापरतं. टीममधल्या कुणीतरी स्प्रिंग बूट प्लगइनचं रीपॅकेज (जार, म्हणजे क्लासेसची बांधलेली फाइल, थेट चालवता येईल अशी पुन्हा बांधणं) मूळ पॉममध्ये टाकलं. आयडीईत (कोड लिहायच्या एडिटरात) सगळं हिरवं, 'एमव्हीएन कंपाइल' हिरवं. 'एमव्हीएन पॅकेज' मारलं की ऑर्डरमध्ये 'पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट'. क्लास तर डोळ्यांसमोर आहे!

कंपाइलपुरतं चालवलं तर मेव्हन कॉमनचं टार्गेट/क्लासेस फोल्डर घेतो. पॅकेजपर्यंत गेलं की जार घेतो. रीपॅकेज झालेल्या जारमध्ये आपले क्लास बूट-इन्फ/क्लासेसच्या आत गेलेले असतात, तिथे कंपायलर बघत नाही. कॉमनच्या टार्गेटमध्ये '.जार.ओरिजिनल' अशी फाइल दिसली की ओळखायचं. एरवी लायब्ररीत मेन क्लास नसतो, त्यामुळे रीपॅकेज तिथेच अडलं असतं. इथे कुणीतरी टेस्ट डेटा भरायला कॉमनमध्ये एक मेन लिहून ठेवला होता. म्हणून दुखणं कॉमनचं आणि बोंब ऑर्डरची.

एकच_नियम
असहमत. रीपॅकेज हे खरं तर फक्त अ‍ॅपचं काम, त्यावरून सगळ्याच प्लगइन्सना नियम कशाला लावता? एन्फोर्सर (बिल्डचे नियम तपासणारं), चेकस्टाइल (कोडची शैली तपासणारं) यांचं काय करणार? एका जुन्या प्रोजेक्टात डिपेंडन्सी कन्व्हर्जन्सचा (एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या नकोत) नियम प्लगइन-मॅनेजमेंटमध्ये अगदी व्यवस्थित लिहिलेला होता. एकाही मॉड्यूलने एन्फोर्सर चालूच केलेला नव्हता. म्हणजे तो कधी चाललाच नाही, आणि कुणाला पत्ताही नाही. बिल्ड फुटलं तर निदान अर्ध्या तासात बोंब होते.

आणि तुमच्या केसलाही सोपा उपाय आहे: मुळात 'स्प्रिंग-बूट.रीपॅकेज.स्किप' ट्रू, अ‍ॅपमध्ये फॉल्स. संपला विषय.

पॉमग्रस्त
संपला कुठे? आधी सगळ्यांना लावायचं, मग स्किप लिहून काढायचं. प्रत्येक प्लगइनला एकेक स्किप, वर्षभराने पॉममध्ये निम्म्या ओळी 'हे करू नका' सांगणाऱ्या.

शिकाऊ_जावा
मध्येच विचारते. मॅनेजमेंटमध्ये लिहिलेलं चालत नाही म्हणता, पण आमचं शुअरफायर (टेस्ट चालवणारं प्लगइन) तर तिथेच आहे आणि टेस्ट चालतात. ते कसं?

जुनं_खोड
जार पॅकेजिंगलाच शुअरफायर बांधलेलं असतं, ते चालू करावं लागत नाही. मॅनेजमेंटमधली आवृत्ती आणि सेटिंग ते उचलतं. एन्फोर्सर तसं बांधलेलं नाही, म्हणून वरचा घोळ.

आणि शुअरफायरची आवृत्ती लिहाच. मेव्हन ३.८ पर्यंत न लिहिल्यास २.१२.४ यायचं. त्याला जेयुनिट ५ (टेस्ट लिहायची लायब्ररी) कळत नाही, ते २.२२.० पासून आलं. टेस्ट शून्य चालतात आणि बिल्ड मात्र सक्सेस. असं हिरवं बिल्ड बघून रिलीज करणारे महाभाग पाहिलेत.

दोघांनाही एक विचारतो: ती मॉड्यूल्स मुळाची मुलं आहेत का? मुळाच्या मॉड्यूल्स यादीत नाव असलं म्हणजे वारसा मिळत नाही. तो मॉड्यूलच्या पेरेंट टॅगवरून मिळतो. एखाद्याने पेरेंट म्हणून थेट स्प्रिंग बूट स्टार्टर पेरेंट (स्प्रिंग बूटचं तयार पॉम) लावला असेल तर मुळात काहीही लिहा, त्याच्यापर्यंत पोचणार नाही. बिल्ड मात्र सगळ्यांसोबत होतं, म्हणून शंकाही येत नाही.

ग्रेडलवाला
ग्रेडलमध्येही (मेव्हनसारखंच दुसरं बिल्ड-साधन) सबप्रोजेक्ट्स ब्लॉकवरून, म्हणजे सगळ्या मॉड्यूल्सना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगवरून, हीच भांडणं. तिथे आता कन्व्हेन्शन प्लगइन (सामायिक सेटिंगचं आपलंच प्लगइन) लिहा आणि हवं त्या मॉड्यूलने लावा, असा सल्ला देतात. म्हणजे पॉमग्रस्तांची बाजू.

एकच_नियम
तिथेही लावायला कुणी विसरलं तर? माझा प्रश्न तोच आहे. नवं मॉड्यूल काढणारा शेजारच्याचं पॉम कॉपी करतो. त्यात एन्फोर्सर असेल तर येईल, नसेल तर नाही.

जुनं_खोड
वाद चालू द्या, पण फुटलेल्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये जाऊन 'एमव्हीएन हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम -डीव्हर्बोज' चालवा. हेल्प प्लगइन ३.२.० किंवा पुढचं हवं. प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या पॉमच्या कितव्या ओळीतून आली ते छापून येतं. नुसतं मूळ पॉम वाचून अंदाज बांधू नका.

पॉमग्रस्त
चालवलं. रीपॅकेजपुढे मूळ पॉमचंच नाव. ते तिथून काढून अ‍ॅपमध्ये टाकलं, क्लीन मारून पॅकेज केलं, ऑर्डर बिल्ड झालं. एन्फोर्सर मुळात ठेवायला माझी हरकत नाही, तो जार बदलत नाही. जे प्लगइन आर्टिफॅक्टला (बिल्डमधून तयार होणाऱ्या जारला) हात लावतं ते मुळात चालू करायचं नाही, एवढं म्हणणं कायम.

एकच_नियम
म्हणजे शेड आणि असेंब्ली (दोन्ही पॅकेजिंगची प्लगइन्स) खाली, चेकस्टाइल वर. चालेल. पण सोर्स प्लगइन? तो सोर्स कोडची वेगळी जार जोडतो, मूळ जारला हात लावत नाही. तो मी वरच ठेवणार.