मदत हवी आहे : छोट्या संग्रहालयात नव्या प्रेक्षकांसाठी आधी काय करावं?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्यात घरगुती वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. मी तिथे स्वयंसेवक आहे. समया, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, दळायची जाती, थोड्या जुन्या पैठण्या, एवढाच संग्रह. केळकर संग्रहालयाची सर नाही, पण दिनकर केळकरांसारखंच आमच्या संस्थापकांनीही रोजच्या वापरातल्या वस्तूंना मोल दिलं.

पूर्वी मुख्यतः शाळेच्या सहली यायच्या. आता नातवंडांना घेऊन आजी-आजोबा येतात, आयटीतली मुलं येतात, मराठी न येणारेही येतात. आल्या आल्या विचारतात, "हात लावू का?", "हे कसं वापरायचं?", "बसायला कुठे आहे?" मला हे प्रश्न अगदी रास्त वाटतात. 2022 साली आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या केली, तिच्यातही सुलभता आणि सर्वसमावेशकता आहेच.

विश्वस्तांच्या मनात टचस्क्रीन आणि सेल्फी पॉइंट आहे. माझं मत वेगळं आहे. आमच्या जात्यापुढच्या फलकावर फक्त 'जाते, दगड' एवढंच लिहिलंय, आणि लोक न थांबता पुढे जातात. पण साफसफाईला येणाऱ्या मावशी कधी तिथे उभ्या राहून ओवी म्हणतात, तेव्हा अख्खं दालन थांबतं. मुलं खुंटा धरायला धावतात, आज्या पुढची ओळ म्हणतात. म्हणून पैसा आधी माणसांवर, चांगल्या फलकांवर, बाकांवर आणि जिन्याच्या कठड्यावर खर्च व्हावा असं मला वाटतं. मावशींना याचं मानधन मिळायला हवं, हेही मी बैठकीत मांडणार आहे.

अडचण हात लावू देण्याची आहे. घामातल्या क्षारांनी पितळ-तांबं खराब होतं. जुन्या बाजारातून तशाच वस्तू आणून हाताळायला वेगळ्या ठेवाव्यात असा विचार आहे. असं कुणी केलंय का? कुठली वस्तू हाताळायची आणि कुठली नाही, हे 'हात लावू नये' अशी पाटी न लावता कसं सांगता? पैठण्यांचं दुखणं निराळं. कापडावर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको म्हणून दालन मंद ठेवतो, तर लोक मोबाईलचा टॉर्च लावतात.

क्यूआर कोड लावून ओव्या ऐकवायच्या आहेत, पण वाड्याच्या जाड भिंतींत नेटवर्क येत नाही. इंटरनेटशिवाय चालणारं काही स्वस्तातलं आहे का? आणि हिंदी-इंग्रजी मजकूरही हवाय, पण तीन भाषांनी फलक गच्च भरतो. कुठल्या संग्रहालयात हे नीट जमलेलं पाहिलंत?

मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात किंवा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या फिरत्या बसवर (बसमधलं फिरतं संग्रहालय) काम केलेलं कुणी इथे असेल, तर कृपया जरूर लिहा. पुढच्या महिन्यात विश्वस्तांची बैठक आहे, त्यामुळे खर्चाचा ढोबळ आकडाही सांगितलात तर फार मदत होईल. प्रत्यक्ष येऊन पाहायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्वतः सगळं दाखवेन.