नानांची पाटी

[सायं. ७:३२] मोठे काका: कॅनडातलं फोर्ट नेल्सन सोडलं. आता वॉटसन लेक येईपर्यंत रेंज मिळणार नाही. काळजी करू नये.

[रात्री १०:१६] पमाआत्या: दादा, पोचलात का?

[रात्री १०:१८] बाबा: पमे, तिकडे आत्ता सकाळचे पावणेदहा झालेत. निघून तीन ताससुद्धा नाही झाले.

[सकाळी ६:०५] पमाआत्या: आता तरी?

[सकाळी ६:०९] पमाआत्या: पाचशे किलोमीटरला साडेदहा तास? अस्वलं असतात म्हणे तिथे.

[सकाळी ६:४०] बाबा: ते चाकांवरचं घर घेऊन फिरतायत. मध्ये थांबून जेवत असतील. झोप जरा.

[सकाळी ९:१२] रोहनदादा: पोचलो 🙏 रात्रीचे पावणेनऊ वाजलेत आणि गॉगल काढवत नाही इतकं ऊन आहे. जून महिन्यात इथे अकराच्या सुमारास मावळतो.

[सकाळी ९:२०] मोठी काकू: पमाताई, मधे गाव म्हणावं असं एकही नाही. चार-दोन लॉज, तिथेच पेट्रोल. पंप दिसला की टाकी भरायची, हा रोहनचा नियम. सकाळी समिट लेकला थांबलो, हा अलास्का हायवेवरचा सगळ्यात उंच भाग, १२९५ मीटर. चहा गाडीतच केला. निघताना वरच्या कपाटाची कडी लावायची मी विसरले आणि पहिल्याच वळणाला मेतकुटाची बरणी खाली. सगळी गाडी पिवळी. अजून शिंका येतायत.

[सकाळी ९:२२] बाबा: मेतकूट कॅनडात नेलंत 😂

[सकाळी ९:२३] मोठी काकू: भाऊजी, तुमचे दादा मऊभाताशिवाय राहतात का?

[सकाळी ९:३१] मोठी काकू: लियार्डला गरम पाण्याचे झरे आहेत. दलदलीवरून फळ्यांची वाट, सातशे मीटर चालायचं. पाणी ४२ ते ५२ अंश. उगमाकडे सरकावं तसा चटका वाढतो. नाना आपल्याला राजापूरजवळ उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर न्यायचे ना, तसंच वाटलं. फक्त इथे भोवती नुसतं जंगल आणि डासांचा ढग.

[सकाळी ९:३५] रोहनदादा: मग बायसन. अख्खा कळप वासरांसकट रस्त्यात उभा. इंजिन बंद करून वीस मिनिटं बसलो. एक नर आईच्या खिडकीशी आला, थंडीतली लोकर अर्धी झडलेली, जुन्या गादीतून कापूस लोंबावा तशी.

[सकाळी ९:३६] मोठी काकू: डोळा माझ्या वाटीएवढा. मी श्वास धरून.

[सकाळी ९:४०] मोठे काका: मैल्याच्या टाकीचं खातं माझ्याकडे आहे. आधी ती सोडायची, मग अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची. म्हणजे पाइप आपोआप धुऊन निघतो. लोक उलटं करतात.

[सकाळी ९:४१] पमाआत्या: दादा, मी पोहे खातेय.

[सकाळी ९:४४] मोठे काका: बरं. पाटी लावली.

[सकाळी ९:४४] पमाआत्या: कसली पाटी?

[सकाळी ९:४५] मोठे काका: नानांच्या दवाखान्याची.

[सकाळी ९:४५] बाबा: माळ्यावर होती ती?? कराडची?

[सकाळी ९:५२] मोठे काका: इथे पाट्यांचं रान आहे. पर्ल हार्बरनंतर १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने हा रस्ता आठेक महिन्यांत काढला. कार्ल लिंडली नावाचा सैनिक जखमी होऊन इथे होता, त्याला दिशादर्शक पाट्या दुरुस्त करायला सांगितल्या. गड्याला घरची आठवण आली, त्याने आपल्या डॅनव्हिल गावाची पाटीही ठोकली. मग येणारा जाणारा ठोकत गेला. आता ८० हजारांहून जास्त आहेत. मोटारीच्या नंबरप्लेटी, गावांच्या वेशीवरच्या पाट्या, काय वाटेल ते.

[सकाळी ९:५५] पमाआत्या: ते सगळं ठीक आहे. नानांची वस्तू तिसऱ्या खंडात नेताना बहिणीला विचारायची पद्धत असते की नाही?

[सकाळी ९:५६] बाबा: आणि भावाला.

[सकाळी ९:५८] पमाआत्या: "गुरुवारी बंद" त्यांनी स्वतः रंगवलं होतं, ब्रश माझ्या हातात होता.

[सकाळी १०:०१] मोठी काकू: पमाताई, रागावू नका, पण दिवाळीत माळा काढला तेव्हा तुम्हीच म्हणालात, हे पत्रे भंगारवाल्याला द्या.

[सकाळी १०:०१] पमाआत्या: …

[सकाळी १०:०७] पमाआत्या: पत्रे म्हणाले होते. पाटी नाही.

[सकाळी १०:०८] मोठे काका: हिने गाठोड्यातून वेगळी काढली, मी बॅगेत कपड्यांखाली ठेवली. सांगितलं असतं तर तू नेऊ दिली असतीस का?

[सकाळी १०:०९] पमाआत्या: नसतीच दिली.

[सकाळी १०:१२] रोहनदादा: 📷 फोटो

[सकाळी १०:१३] बाबा: शेजारी कुठलं तरी जर्मन गाव आहे. नाना पार फॉरेनला.

[सकाळी १०:१३] मी: आत्या, वेळ पण वाचता येतेय, सकाळी ९ ते १२.

[सकाळी १०:१९] पमाआत्या: डावीकडे झुकलीय.

[सकाळी १०:२०] मोठे काका: नाही गं. फोटो तिरका आहे.

[सकाळी १०:२१] पमाआत्या: जर्मन पाटी सरळ दिसतेय. आपलीच झुकलीय. हातोडी आहे ना अजून?

[सकाळी १०:२२] रोहनदादा: आत्या, आत्ता जेवायला बसलोय.

[सकाळी १०:२२] पमाआत्या: अकरापर्यंत उजेड असतो म्हणालास ना? जा.