प्रतिसाद : ‘अंडर द स्किन’मधले राखाडी पट्टे

गोव्यातल्या पर्वरीच्या वाचकाने विचारलंय की 2013 च्या ‘अंडर द स्किन’ या सिनेमात, बाईच्या रूपातली परग्रहवासी पुरुषांना भुलवून नेते त्या काळ्या खोलीच्या प्रसंगात, राखाडी पट्टे का दिसतात. दोष बहुधा टीव्हीचा नाही. स्ट्रीमिंगमध्ये डेटा वाचवताना काळ्याजवळच्या बारीक छटा आधी कापल्या जातात. ब्राइटनेस वाढवलात तर पट्टे आणखी उठून दिसतील. ब्लू-रे डिस्क मिळाली तर उत्तमच. नाहीतर पिक्चर मोड ‘सिनेमा’वर ठेवा, मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) बंद करा आणि रात्रीच बघा. जुन्या गोवेकर घरांतल्या शिंपल्यांच्या खिडकीतून गाळून येणारा दुपारचा उजेडसुद्धा इथे जास्त होतो. पुरुष एकेक पाऊल टाकत त्या काळ्या द्रवात बुडत जातो आणि ती त्याच पृष्ठभागावरून कोरडी चालत राहते. सगळा सिनेमा त्या एका दृश्यात आहे, ते वाया घालवू नका!

संवाद कळत नाहीत म्हणालात. ग्लासगोत व्हॅनमध्ये कॅमेरे लपवून चित्रण केलंय, तिच्याशी बोलणारे बरेच जण नट नाहीत, बोली अस्सल स्कॉटिश. तरी पहिल्यांदा सबटायटल्स नकोतच. ती परग्रहावरची आहे, तिच्यासारखंच अर्धवट ऐकू द्या. मिका लेव्हीच्या संगीतातला व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं तंतुवाद्य) मात्र टीव्हीच्या स्पीकरवर पातळ होतो, तेव्हा हेडफोन लावा.