विहीणबाई पैशाचं सरळ विचारतात. तुमच्याकडे कसं असतं?

प्रतापनगरची_आई
फेब्रुवारीत माझ्या मुलीचं लग्न इथे नागपुरातच, जरीपटक्याच्या सिंधी घरात झालं. माणसं लाघवी आहेत, तक्रार काहीच नाही. पण विहीणबाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत विचारलं, "सोफा कितने का पडा?" मग फ्लॅटचे हप्ते किती उरले, मग ह्यांची पेन्शन. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले. माझ्या माहेरी 'पगार' हा शब्दसुद्धा आवाज खाली करून यायचा.

ऑगस्टमध्ये ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. विहीणबाई दवाखान्यात आल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे थदडीचा सण, चूल पेटवायची नसते, म्हणून आदल्या दिवशी केलेली कोकी आणि गोड लोला डब्यात. डबा हातात देत म्हणाल्या, "अभी कितना भरना है?" मी म्हटलं, "काही नाही, सगळं झालं." झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन एफडी मोडली.

तेव्हापासून बाबा डोक्यातून जात नाहीत. पाटबंधारे खात्यात कारकून होते. तेराव्यानंतर कपाट आवरताना खणात अंथरलेल्या कागदाखाली पतसंस्थेच्या कर्जाचं पासबुक सापडलं. नऊ वर्षं एकटे फेडत होते, आईलाही पत्ता नाही. आम्ही त्याला मानी स्वभाव म्हणत आलो.

मी विहीणबाईंशी खोटं बोलले ते संस्कार म्हणून, की भीतीने? आणि आता हा विषय मीच काढायचा तर कसा काढू?

गोळीबार_चौक
ताई, हे मराठी-सिंधी नाही. आम्ही कोष्टी. बाप मागावर बसे, आई कांड्या भरे. किती लुगडी उतरली अन् मालकाने हातावर किती टेकवले, हे आम्हा पोरांनाही पाठ. त्याच्यावरच रात्रीची भाजी ठरे. झाकाझाक मी पहिल्यांदा पाहिली ती नोकरीत लागल्यावर, ऑफिसातल्या लोकांकडे. काहून लपवतात, मले आजही समजत नाही.

महाल_जुना_वाडा
एक वेगळी गोष्ट सुचली. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हापासून आपलं असंच: घरात मराठी, इतवारीच्या बाजारात हिंदी. 'कितने का पडा' सोफ्याजवळ ऐकलं की दुकानदार घरात शिरल्यासारखं वाटतं. माझी मावशी "केवढ्याला घेतलं गं?" विचारते, तेव्हा मला काहीच खटकत नाही. प्रश्न तोच आहे.

जरीपटका_तिसरी_पिढी
काकू, माझे आजोबा फाळणीनंतर लाडकाण्याहून आले. घर, दुकान तिकडेच राहिलं. इथे सुरुवात उधारीच्या मालावर. अडचण आली तर तुमच्यात कोणी गावाकडचं वावर विकतो, आमचं गाव सीमेपलीकडे. भाषेला १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, राज्य कुठेच नाही. मग आधार होता तो शेजारच्या खोलीतल्या माणसाचा, आणि कोण बुडायला आलंय हे त्याला कळलंच नाही तर तो हात देणार कसा?

पण गोड गोड सांगणार नाही. ह्याच प्रश्नाने लग्नात मुलीच्या बापाला तोललेलंही मी पाहिलंय, माझ्या आत्याच्या वेळी. रात्री घरी आल्यावर आजोबा जेवले नव्हते. तेव्हा तुम्हाला अवघडल्यासारखं झालं त्यात तुमची चूक नाही. तरी थदडीच्या दिवशी दवाखान्यात डबा घेऊन आलेल्या बाई मोजमाप करायला आल्या असतील, असं मला वाटत नाही.

प्रतापनगरची_आई
सगळ्यांची आभारी आहे. मावशीचं वाचून रात्री झोप आली नाही.

रविवारी मी बिलांची फाईल घेऊन जरीपटक्याला गेले. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. त्यांना सांगितलं की त्या दिवशी पैसे नव्हते आणि मला बोलता आलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा लावला, फाईल मांडीवर घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागल्या. तिसऱ्या पानावर थांबल्या. "ये इंजेक्शन दो जगह क्यों लिखा है?"

मी ते बिल महिनाभर जपून ठेवलं होतं, एकदाही वाचलं नव्हतं. उद्या सकाळी आम्ही दोघी दवाखान्यात विचारायला चाललो आहोत.